चिकणमातीतली सून

माझी आत्या कबरी खणते. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा बोलले आहे आणि दर वेळी समोरच्याचं तेच होताना पाहिलं आहे. आधी हसू, मग "खरंच?", मग खुर्ची हळूच दोन बोटं मागे. खणते म्हणजे खणतेच. देखरेख वगैरे नाही. आधी तिचा नवरा हे काम करायचा. तो गेला तेव्हा दफनभूमीच्या ट्रस्टला दुसरा माणूस मिळेना आणि आत्याला दुसरं काम मिळेना. तिने खणलेली पहिली कबर त्याचीच. "मापात बसला," एवढंच ती त्याबद्दल बोलते. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

वस्तीत तिला "हातभर" म्हणतात. कारण दोन कबरींच्या मधे हातभर न खणलेली माती सोडायची, यावर ती कुणाशीही भांडते. मजुरांशी, ट्रस्टच्या सेक्रेटरीशी, एकदा तर मयताला आलेल्या नगरसेवकाशी. "भिंत आहे ती. शेजाऱ्याला भिंत नको का?" कुठली माती काय करते हे तिला पाठ आहे. फाटकाजवळच्या तांबड्या मातीत सात वर्षांत हाडं स्वच्छ होतात आणि जागा पुन्हा वापरता येते. खालच्या कोपऱ्यात मात्र चिकणमाती आहे, तिथे पाणी मुरतं आणि हवा पोचत नाही. तिथला माणूस पंधरा वर्षांनीही साबणाच्या वडीसारखा तसाच निघतो. "चिकणमाती माणसाला सोडत नाही," असं आत्या म्हणते, आणि शक्यतो त्या कोपऱ्यात फावडं घालत नाही.

मी टीबीच्या दवाखान्यात गोळ्या देते. त्यामुळे आमच्या घरातला विनोद ठरलेला. "तुझ्या हातून निसटला की माझ्याकडेच येतो," आत्या म्हणते, आणि चहाचा कप बशीवर असा आपटते की विनोद होता की ठपका, ते कळू नये.

गेल्या वर्षी माझ्या हातून एक सून निसटली. अठ्ठावीस वर्षांची. नवरा टेम्पो चालवतो, सात वर्षांची एक मुलगी. ती सतत बापाच्या मागे लटकलेली असते म्हणून तो तिला स्टेपनी म्हणतो आणि आता सगळेच म्हणतात. सून दवाखान्यात आली तेव्हा फार उशीर झाला होता. तीन आठवड्यांत गेली. नियमाप्रमाणे मी घरच्या सगळ्यांची तपासणी लावली. स्टेपनीला लागण झालेली निघाली, तिला गोळ्या सुरू केल्या. दीर तपासायला आलाच नाही. सासू तर अंगावर आली, "मला काय धाड भरलीय?" मी कागदावर "नकार" लिहिलं, सही केली आणि पुढच्या घरी गेले. त्या एका शब्दाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सुनेला जागा मिळाली ती खालच्या कोपऱ्यात. कारण सेक्रेटरीच्या मते "रोगी माणसं" खालीच बरी. आत्या दोन दिवस भांडली आणि हरली. अडीच महिन्यांनी त्याच कोपऱ्यात एका म्हाताऱ्याची कबर खणायची वेळ आली. सेक्रेटरी म्हणाला, "जागा संपत आलीय बाई, हात नको, वीत पुरे." आत्याचे गुडघे सुजले होते, नळाचा पाइप फुटून माती भिजली होती, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती म्हणाली, "बरं, करा वीतभर."

खणताना भिंत बसली. शेजारच्या पेटीची फळी आतल्या ओलीने आधीच खिळखिळी झाली होती, ती मातीबरोबर आली, आणि सुनेचा चेहरा उघडा पडला. म्हाताऱ्याचे नातेवाईक वेळेआधीच येऊन काठावर उभे होते. त्यांनी पाहिलं, मजुरांनी पाहिलं. भरलेला चेहरा, गाल तांबूस, ओठांच्या कडेला काळपट लाल ओघळ, आणि नखं वाढलेली. जिवंतपणी हाडांचा सापळा झालेली बाई मातीत जाऊन धष्टपुष्ट झाली होती. एक मजूर फावडं टाकून पळाला तो फाटकापर्यंत थांबला नाही.

आत्याने अंगावरची शाल काढून त्या चेहऱ्यावर टाकली आणि हातांनी माती लोटली. मग काठावरच्या लोकांना सांगायला लागली. अहो, आत वायू धरतो, त्याने अंग फुगतं. तोच वायू छातीतलं पाणी तोंडावाटे ढकलतो, ते लाल दिसतं. नखं वाढत नाहीत, बोटाची कातडी आक्रसते म्हणून लांब वाटतात. मी हजारदा पाहिलंय. पण कबर खणणारीचं कोण ऐकतं? दुपारी चहाच्या टपरीवर सून "ताजी" होती, चार वाजता तिच्या तोंडाला रक्त होतं, आणि दिवेलागणीला ती कुणाचं रक्त पिते तेही ठरलं होतं. दिराला खोकल्यातून रक्त पडत होतं. स्टेपनी वाळत चालली होती. हिशेब जुळला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मला या गोष्टीचा राग येतो तो फक्त आमच्या वस्तीवर नाही. मी त्या आठवड्यात वाचनालयातून मिळतील ती पुस्तकं आणली आणि वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीच नवीन नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या खेड्यांत हेच झालेलं. साथ आली, माणसं पटापट गेली, लोकांनी कबरी उघडल्या, आत फुगलेला लालबुंद मुडदा दिसला, म्हणाले हाच पितोय. छातीत खुंटी ठोकली. आतला वायू सुटून मुडद्यातून आवाज आला, तर म्हणाले बघा, किंचाळला! लष्कराच्या डॉक्टरांनी जाऊन गंभीर चेहऱ्याने अहवाल लिहिले. शेवटी एका राणीने आपल्या वैद्याला पाठवलं, त्याने हे सगळं अज्ञान असल्याचं सांगितलं, आणि मग कबरी उघडायला बंदी आली. तोवर वर्तमानपत्रांनी तो प्रकार जगभर नेला होता. पुढे पुस्तकवाल्यांनी त्या खेडुताला कोट चढवला, फिकट रंग दिला, वाडा दिला, अदब दिली. मुळातलं पिशाच म्हणजे तुमच्याआमच्यासारखा गरीब, चिखलातला मेलेला माणूस. आपल्याकडचा वेताळ निदान झाडाला लटकून कोडी तरी घालतो.

आणि एक गोष्ट सगळीकडे सारखीच. पिशाच परक्याकडे जात नाही. आधी बायको, मग भाऊ, मग लेकरू. अमेरिकेतल्या शेतकरी घरांत तर सव्वाशे वर्षांपूर्वी क्षयाने गेलेल्या मुलीला उकरून तिचं काळीज जाळलं आणि ती राख आजारी भावाला पाजली, असं झालेलं आहे. घरच्यांनाच का धरतं? अहो, कारण घरचेच एका खोलीत, खिडकी लावून, एका पांघरुणात झोपतात! हे मी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "म्हणजे तेव्हाही खणणाऱ्याला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी स्टेपनी गोळ्या न्यायला आली नाही. गुरुवारीही नाही. मी फोन केला तर टेम्पोवाला म्हणाला, "आई म्हणते गोळ्यांनी काय होणार, मूळ कारण वेगळं आहे." दोन-अडीच महिने घेऊन मधेच सोडलेला कोर्स म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुलीचं वजन आधीच चौदा किलो. ती गोळ्यांवर परत आली नाही, तर पुढची कबर किती लांबीची लागेल ते आत्याला न मोजता सांगता आलं असतं.

शनिवारी सकाळी टेम्पोवाल्याच्या घरचे दफनभूमीत आले. अवजारांच्या खोलीत मी आणि आत्या होतो. आत फावडी, दोर, एक लोखंडी कपाट, दोन स्टुलं. टेम्पोवाला दारातच थांबला, मान खाली. बोलली ती सासू. बुटकी, काटक, पदराने तोंड पुसत बोलणारी बाई.

"कबर उघडायची. काळीज काढून जाळायचं."

"कुणी सांगितलं?" आत्याने विचारलं.

"मोबाइलवर आहे सगळं. व्हिडिओ आहे."

"व्हिडिओत फावडं कोण मारतं? तो बोलणारा?"

"तुम्ही आमच्या घरात पडू नका. दोन पोरं चाललीत माझी. एक मुलगा, एक नात. तिने खाल्लं त्यांना."

"तुमच्या सुनेने तुमच्या घरात आठ वर्षं राबून काय खाल्लं ते मी पाहिलंय," आत्या ओरडली. "चाळीस किलोची बाई होती. मी उचललीय ती पेटी. मला वाटलं रिकामीच दिली की काय!"

टेम्पोवाला दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा राहिला. सासू मात्र हटेना. बोलता बोलता तिला ढास लागली. ती थांबेचना. तिने पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं. मी आत्याकडे पाहिलं, आत्या सासूकडे पाहत होती. एकतीस वर्षं मेलेल्यांकडे बघणारी बाई जिवंतांकडे बघते तेव्हा जरा भीती वाटते.

"उघडते," आत्या एकदम म्हणाली.

मी उडालेच. "आत्या!"

"तू गप्प बस. उघडते मी. पण माझी अट आहे. आधी घरातल्या सगळ्यांनी दवाखान्यात जायचं. थुंकी द्यायची, छातीचा फोटो काढायचा. सगळ्यांनी. कबर उघडल्यावर मला रोग लागला तर जबाबदार कोण? मला लेखी पाहिजे की तुमच्यात कुणाला काय आहे. आणि तोवर पोरीच्या गोळ्या चालू."

यात काडीचाही अर्थ नव्हता. पण त्यांना कबर उघडायची घाई होती, आणि घाई झालेला माणूस अट वाचत नाही. दोन दिवसांनी सासूने दवाखान्यात येऊन, नाकाने कांदे सोलत, डबीत थुंकी दिली.

निकाल आला. टेम्पोवाला सुटला. दिराला टीबी होताच. सासूच्या थुंकीत तर जंतूंचा बाजार भरला होता. तिच्या छातीच्या फोटोत दोन्हीकडे जुने वण होते, वर्षानुवर्षांचे. मी तिला विचारलं, खोकला कधीपासून? "तो होय," ती म्हणाली, "तो माझा तंबाखूचा. बारा वर्षं आहे." सून त्या घरात आली त्याला आठ वर्षं झाली होती. म्हातारीला थंडी सोसत नाही म्हणून त्या एकाच खोलीची खिडकी कायम बंद. रात्री तिचं डोकं चेपायला सून तिच्या उशाशी झोपायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी हे सांगितलं तेव्हा टेम्पोवाला समोर बसला होता. त्याने आईकडे पाहिलं. आत्या कोपऱ्यातल्या बाकावर होती. ती उठली, सासूच्या पुढ्यात गेली.

"झालं लेखी. आता सांगा, कुणाची कबर उघडू?"

सासूने पदर तोंडावर घेतला आणि तो बराच वेळ खाली आला नाही. कबरीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मला टपरीवर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. सुनेला हडळ ठरवणाऱ्यांनो, या, बघा, कोण कुणाला पीत होतं! आत्याने माझं मनगट धरलं. तिचा हात म्हणजे पक्कड आहे.

"काय सांगणार?"

"खरं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली यांनी."

"चोर कुठला? आजारी बाई आहे ती. आज तू नाव सांगशील, उद्या हिला जिवंतपणी गाडतील. लोकांना नाव लागतं गं फक्त. कुणाचंही चालतं."

मी मुकाट घरी गेले. रागाने जेवले नाही. पण तिचं बरोबर होतं.

घरात तिघांच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी सासू बोंबलत दवाखान्यात आली. लघवीतून रक्त जातंय, मला कुणीतरी धरलंय! मी तिला समजावलं की या गोळ्यांनी लघवी नारिंगी-लाल होतेच, सगळ्यांचीच होते, ते रक्त नाही, उलट गोळी पोटात गेल्याची ती पावतीच. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. त्या सगळ्या महिन्यांत ती तेवढीच एकदा हसली.

दोन महिने झाले. दीर खोकायचा थांबला. सासूच्या अंगावर मांस आलं, आवाजात जोर आला, म्हणजे तोही रोग परतला. स्टेपनीचं वजन मात्र चौदा किलोवर अडलं होतं. मी डोस तपासला, तारखा तपासल्या, मोठ्या डॉक्टरांना विचारलं. मग सासूला सहज विचारलं, पोरीच्या लघवीचा रंग कसा आहे?

"साधाच की," सासू म्हणाली.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. वाटेत आत्याला घेतलं. कुणावर तरी ओरडावं लागणार हे मला दिसत होतं आणि त्या कामात ती माझ्याहून तयार आहे.

स्टेपनी मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. तिची गोळी पाण्यात विरघळवून प्यायची असते. आजी पेला हातात देते आणि पोळ्या लाटायला वळते. मी तिच्या शेजारी बसले. गोळीचं पाणी कुठे जातं, असं विचारल्यावर तिने बोटाने मोरीची जाळी दाखवली. रोज तिथे ओतत होती. साठ दिवस.

"कडू लागते का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग?"

"मी बरी झाले तर आई काय खाणार?"

ती पोर घाबरून बसली असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती घाबरली नव्हती. आई उपाशी राहू नये म्हणून ती स्वतःला देत होती. चौदा किलोची पोर रोज थोडं थोडं स्वतःला आईच्या ताटात वाढत होती.

आत्या उठली. मला वाटलं मुलीला जवळ घेईल. ती वळली सासूकडे. सासू लाटणं हातात धरून ओट्याशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही घातलंत ना तिच्या डोक्यात? तुम्हीच काढा. आत्ता. माझ्यासमोर." आणि तिने ती वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी धाडकन उघडली. बाहेरच्या बोळात दोघीतिघी शेजारणी थबकल्या.

सासूने लाटणं खाली ठेवलं. नातीसमोर जमिनीवर बसली. तिला ते जड गेलं, गुडघ्यांना आणि बाकी सगळ्याला. "आई काही खात नाही बाळा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. खोकला माझा होता. माझा तुझ्या आईला लागला, काकाला लागला, तुला लागला. आईने कुणाचं काही घेतलं नाही." एवढं ती खिडकी उघडी असताना बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या एका गोष्टीसाठी मी तिच्यावरचा राग थोडा कमी केला. सगळा नाही.

स्टेपनीने आजीवर विश्वास ठेवला नाही. तिने आत्याकडे पाहिलं, कारण माती आत्याची.

"तिला भूक लागत नाही?"

"नाही लागत. एकतीस वर्षं मी तिथं आहे. एकानेही कधी घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही."

"मग ती माझ्याकडे येत नाही?"

आत्या कधी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. "नाही येत," ती म्हणाली.

"कधीच?"

"कधीच नाही."

आई गेल्यापासून ती पोर रडली नव्हती. शहाणी म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. आता ती रडली. आधी आवाज न करता, मग अशी की बापाने टेम्पो रस्त्यात सोडून धाव घेतली. आजपर्यंत तिची आई आजारी होती, भुकेली होती, वाईट होती, पण होती. ती आम्ही आत्ता, या मोरीच्या उंबऱ्यावर, तिच्यासमोर मारली होती.

दारात शेजारणी गोळा झाल्या होत्या. आत्या त्यांच्यावर कडाडली. "तमाशा आहे का इथं? पेलाभर पाणी आणा कुणीतरी. पोरीची गोळी राहिलीय."